वाचकांचे प्रश्न : सायकल संघांवरचा संशय आणि पुरावा

व्यावसायिक सायकल शर्यतींविषयी आलेल्या पत्रांत उत्तेजक द्रव्यांबद्दलच्या शंका इतक्या होत्या, की या वेळचे सदर संपूर्णपणे त्यांनाच द्यावे असे ठरले. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत. दोष सिद्ध झालेले आणि केवळ संशयाच्या छायेत असलेले, यांतला भेद उत्तरांत कटाक्षाने पाळला आहे. वाचकांनीही तो पाळावा, ही विनंती.

प्रश्न : शेकडो चाचण्या देऊन एकदाही दोषी न ठरलेल्या खेळाडूवर संशय घेणे हा अन्याय नाही का? अमेरिकी सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग वर्षानुवर्षे हेच सांगत होता. मग इतकी वर्षे प्रयोगशाळा काय करत होत्या? (एक वाचक, पुणे)

प्रयोगशाळा त्यांचे काम करत होत्या. परंतु जे द्रव्य ओळखण्याची पद्धतच उपलब्ध नाही ते त्यांना सापडणार नव्हते, आणि जे द्रव्य नमुना घेण्यापूर्वीच शरीरातून निघून गेले आहे तेही सापडणार नव्हते. आपण उल्लेख केलेला सगळा कालखंड या दोन फटींमध्ये मावतो.

एरिथ्रोपोएटिन, म्हणजेच ईपीओ, हे मूत्रपिंडात तयार होणारे संप्रेरक अस्थिमज्जेला तांबड्या रक्तपेशी तयार करण्याची सूचना देते. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांच्या रक्तक्षयावर उपाय म्हणून त्याचे कृत्रिम रूप १९८०च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आले आणि डायलिसिसच्या रुग्णांसाठी बनवलेले ते औषध थोड्याच काळात शर्यतीच्या हॉटेलांमधील शीतपेट्यांत जाऊन पोहोचले. तांबड्या पेशी वाढल्या की स्नायूंना प्राणवायू अधिक मिळतो. तीन आठवडे रोज चार-पाच तास सायकल हाणणाऱ्या आणि आल्प्स-पिरेनीजचे घाट चढणाऱ्या खेळाडूला त्याचा केवढा लाभ होत असेल, हे वेगळे सांगायला नको. शरीरात मुळातच असलेल्या संप्रेरकापासून हे कृत्रिम संप्रेरक वेगळे ओळखणारी लघवीची चाचणी फ्रान्समधील शातने-मालाब्री येथील प्रयोगशाळेने तयार केली, ती २००० साली. म्हणजे सुमारे दहा वर्षे रान मोकळे होते.

या दरम्यान आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने, म्हणजे यूसीआयने, १९९७ मध्ये एक मधला मार्ग काढला. रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण दाखवणारा हिमॅटोक्रिट हा आकडा पुरुष खेळाडूंच्या बाबतीत ५० टक्क्यांच्या वर गेला, तर त्याला आरोग्याच्या कारणास्तव दोन आठवडे शर्यतीबाहेर ठेवायचे, असा तो नियम होता. हेतू चांगला असला तरी परिणाम उलटा झाला. ज्याचा नैसर्गिक आकडा ४२ होता त्यालाही ४९ पर्यंत जाण्याची जणू परवानगी मिळाली, आणि संघांच्या सामानात रक्त फिरवून हा आकडा काढणारी छोटी यंत्रे दिसू लागली. डेन्मार्कचा बियार्ने रीस, ज्याने १९९६ ची टूर द फ्रान्स, म्हणजे फ्रान्समधील तीन आठवड्यांची सर्वांत मोठी शर्यत, जिंकली, त्याला सहकारी ‘मिस्टर साठ टक्के’ म्हणत. ईपीओ घेतल्याची कबुली त्याने २००७ मध्ये दिली. १९९८ च्या टूरचा विजेता मार्को पांतानी पुढच्याच वर्षी जिरो द’इटालिया ही इटलीतील तशीच शर्यत जवळजवळ जिंकलेला असताना मादोन्ना दी काम्पिल्यो येथे ५२ टक्के आकड्यामुळे बाहेर काढला गेला, आणि त्यानंतर तो कधीच पूर्वीसारखा सावरला नाही. २००४ च्या फेब्रुवारीत रिमिनी येथील हॉटेलात त्याचा मृत्यू झाला.

चाचणी आल्यावर पद्धत बदलली. त्वचेखाली मोठी मात्रा टोचण्याऐवजी अगदी लहान मात्रा रात्री थेट शिरेत द्यायची. रात्री अकरानंतर आणि पहाटे सहापूर्वी नमुने घेणारे पथक सहसा दार ठोठावत नाही, आणि सकाळपर्यंत ओळखण्याजोगे फारसे काही उरत नाही. ज्यांना तेवढाही धोका नको होता ते जुन्या उपायाकडे परतले : स्वतःचेच रक्त काही आठवडे आधी काढून ठेवायचे आणि शर्यतीच्या मधल्या टप्प्यावर परत चढवायचे. दुसऱ्याचे रक्त चढवले तर ते ओळखता येते, आणि २००४ मध्ये सायकलपटू टायलर हॅमिल्टन त्यातच सापडला. पण स्वतःचे रक्त परत घेणाऱ्यासाठी सर्वमान्य अशी थेट चाचणी आजही नाही.

आता आर्मस्ट्राँगकडे वळू. अमेरिकेच्या उत्तेजक द्रव्यविरोधी संस्थेने, म्हणजे यूसाडाने, ऑक्टोबर २०१२ मध्ये त्याच्याविरुद्धचा सविस्तर निर्णय प्रसिद्ध केला. त्याचा कणा होता तो २६ व्यक्तींच्या साक्षींचा, आणि त्यांपैकी ११ जण त्याचे संघातले जुने सोबती होते. १९९९ च्या टूरमध्ये मोटरसायकलवरून ईपीओ पोहोचवणारा माणूस आणि २००४ मध्ये रस्त्याच्या कडेला बिघाडाचे निमित्त करून थांबवलेल्या बसमध्ये झोपून खेळाडूंनी चढवून घेतलेले रक्त, हे सारे त्या साक्षींतून बाहेर आले. त्याची १९९९ ते २००५ मधील टूरची सातही विजेतेपदे काढून घेतली गेली, ती दुसऱ्या कोणाला देण्यात आली नाहीत, आणि जानेवारी २०१३ मध्ये दूरचित्रवाणीवर त्याने कबुली दिली. शिवाय ‘एकदाही सापडलो नाही’ हा त्याचा दावाही पूर्ण खरा नव्हता. १९९९ मध्येच त्याच्या नमुन्यात कॉर्टिकोस्टेरॉइड या दाहशामक औषधाचे अंश मिळाले होते, तेव्हा सायकलच्या आसनामुळे झालेल्या जखमेवरील मलमाची मागील तारखेची डॉक्टरी चिठ्ठी पुढे केली गेली आणि यूसीआयने ती मान्य केली. पुढे याच खेळाडूकडून महासंघाने देणग्याही स्वीकारल्या. लाच देऊन प्रकरण दडपल्याचा पुरावा नंतरच्या चौकशी आयोगाला मिळाला नाही. परंतु ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच पैशाने नजर ठेवण्याची साधने घेणे, याला शहाणपण म्हणता येणार नाही.

त्यामुळे आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की चाचणीत न सापडणे हे निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र नाही. मात्र २००८ पासून परिस्थितीत खरा फरक पडला आहे, हेही सांगितले पाहिजे. त्या वर्षी यूसीआयने ‘जैविक पासपोर्ट’ सुरू केला. त्यात द्रव्य शोधले जात नाही, तर त्या द्रव्याने शरीरात उमटवलेला परिणाम शोधला जातो. खेळाडूचे हिमोग्लोबिन आणि रक्तातील कोवळ्या तांबड्या पेशींचे प्रमाण वर्षानुवर्षे नोंदवून त्या एकाच व्यक्तीची नैसर्गिक मर्यादा ठरवली जाते, आणि त्याबाहेरचे चढउतार नाव झाकून तज्ज्ञांपुढे ठेवले जातात. ईपीओ घेतले की कोवळ्या पेशी वाढतात, रक्त चढवले की घटतात. दोन्हींची खूण वेगवेगळी असते. या पद्धतीवरून इटलीच्या फ्रांको पेल्लिझोत्तीला झालेली शिक्षा क्रीडा लवादाने २०११ मध्ये कायम केली. उलट रोमान क्रोइझिगरविरुद्धचे प्रकरण यूसीआय आणि वाडा, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, या दोन्ही संस्थांनी २०१५ मध्ये मागे घेतले. पासपोर्टने मोठी फसवणूक अवघड केली. अगदी बारीक मात्रांची फसवणूक मात्र पासपोर्टच्या मर्यादांच्या आत राहून करता येते, असे जाणकारांचे मत आहे.

प्रश्न : उत्तेजक घेतो तो खेळाडू. मग बातम्यांत संपूर्ण संघाचे नाव का येते? (एक वाचक, कोल्हापूर)

बाहेरून सायकल शर्यत एकट्याची दिसते, तिचे व्यवहार मात्र संघाचे असतात. खेळाडू काय खातो, कोणत्या डॉक्टरला भेटतो, कोणत्या उंचीवरच्या शिबिराला जातो, त्याच्या खोलीतील शीतपेटीत काय असते, हे सारे संघातल्या कोणाला ना कोणाला ठाऊक असते. या बाबतीत १९९८ चे फेस्तिना प्रकरण आजही सर्वांत बोलके आहे, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो.

त्या वर्षीची टूर ११ जुलैला डब्लिनमध्ये सुरू व्हायची होती. तीन दिवस आधी बेल्जियम आणि फ्रान्सच्या सीमेवर सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी फेस्तिना संघाची गाडी थांबवली. गाडी चालवत होता विली वूट, संघातला मालिशवाला. खेळाडूंचे पाय चोळणे, खाण्याच्या पिशव्या तयार करणे, बाटल्या भरणे हे त्याचे काम. गाडीत ईपीओच्या दोनशेहून अधिक मात्रा, वाढीचे संप्रेरक आणि टेस्टोस्टेरॉन सापडले. सुरुवातीला संघाने हात झटकले. पुढे संघ व्यवस्थापक ब्रुनो रुसेल यांनी कबूल केले की खेळाडूंना ही द्रव्ये पुरवण्याची व्यवस्था संघातच होती, तिच्यासाठी खेळाडूंच्या बक्षिसांतून कापलेल्या पैशांचा निधी होता, आणि मात्रांवर डॉक्टरची देखरेख होती. त्यांचा युक्तिवाद असा, की खेळाडूंनी चोरूनमारून काहीबाही घेण्यापेक्षा देखरेखीखाली घेतलेले बरे. हा युक्तिवाद ऐकायला माणुसकीचा वाटतो. पण त्यामुळे नवख्या खेळाडूला संघात पाऊल टाकल्याबरोबर एक ठरलेला दर, एक ठरलेला डॉक्टर आणि एक ठरलेले मौन मिळत होते, हे विसरता येत नाही.

फेस्तिनाला स्पर्धेतून काढले गेले. पोलिसांनी इतर संघांच्या हॉटेलांवर छापे घातले, खेळाडूंनी रस्त्यातच बसकण मारून निषेध केला, काही संघ शर्यत सोडून निघून गेले, आणि सुरुवातीच्या १८९ जणांपैकी पॅरिसला पोहोचले ते ९६. संघाचा तारा रिशार विरांक दोन वर्षे नाकारत राहिला आणि २००० च्या ऑक्टोबरमध्ये लील येथील खटल्यात न्यायाधीशांपुढे त्याने कबुली दिली.

यात एक नाव मला विरांकपेक्षा महत्त्वाचे वाटते. क्रिस्तोफ बासों हा त्याच संघातला तरुण खेळाडू; तो उत्तेजके घेत नव्हता, हे त्याच्या सोबत्यांनीच चौकशीत सांगितले. पुढच्या वर्षीच्या टूरमध्ये तो दुसऱ्या संघातून उतरला आणि वृत्तपत्रातल्या आपल्या स्तंभात वेगाविषयी शंका मांडू लागला. त्याच्याशी बोलणे बंद झाले, आघाडीवरच्या खेळाडूची पिवळी जर्सी घातलेल्या आर्मस्ट्राँगने शर्यत चालू असतानाच त्याला गाठून निघून जायला सुनावले, आणि तो शर्यत अर्धवट सोडून गेला. दोषी ठरलेल्यांपैकी अनेकजण पुढे संघ व्यवस्थापक झाले, समालोचक झाले. बासोंला मात्र व्यावसायिक खेळ लवकरच सोडावा लागला.

नियमांतही आता संघाची थोडी जबाबदारी धरली आहे. एकाच संघातले दोन खेळाडू बारा महिन्यांच्या आत दोषी सापडले, तर यूसीआय त्या संघाला १५ ते ४५ दिवसांसाठी निलंबित करू शकते. २०१७ मध्ये इटलीच्या बार्दियानी संघाला याच नियमाने ३० दिवस बाहेर बसावे लागले. पोर्तुगालच्या डब्ल्यू-५२ एफसी पोर्तो या संघाचा परवाना तर पोलिसांच्या कारवाईनंतर २०२२ मध्ये काढूनच घेतला गेला. तरीही मोठे चित्र फारसे बदललेले नाही. खेळाडूला दोन किंवा चार वर्षे बंदी येते, आणि संघ ‘आम्हाला काही कल्पना नव्हती, त्याचा करार रद्द केला आहे’ असे एक निवेदन काढून काखा वर करतो.

प्रश्न : स्पेनमध्ये पोलिसांनी रक्ताच्या पिशव्याच पकडल्या होत्या. इतका ढळढळीत पुरावा असून त्यातली सगळी नावे बाहेर का आली नाहीत? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

कायदा मागे राहिला, हे त्याचे थोडक्यात उत्तर. मे २००६ मध्ये स्पॅनिश पोलिसांनी ‘ऑपेरासियोन पुएर्तो’ या मोहिमेत माद्रिदमधील क्रीडा-डॉक्टर युफेमियानो फुएंतेस यांच्या जागांवर छापे घातले, तेव्हा दोनशेहून अधिक रक्त व प्लाझ्माच्या पिशव्या हाती लागल्या. पिशव्यांवर नावे नव्हती, टोपणनावे होती. इव्हान बास्सोने तर आपल्या कुत्र्याचे नाव वापरले होते. बास्सो आणि यान उलरिश हे दोघेही त्या वर्षीच्या टूरचे प्रमुख दावेदार. शर्यत सुरू होण्याच्या आदल्या दिवशी त्यांना घरी पाठवण्यात आले.

परंतु त्या वेळी स्पेनमध्ये खेळातील डोपिंग हा फौजदारी गुन्हा नव्हता; तसा कायदा त्याच वर्षाच्या अखेरीस झाला. त्यामुळे डॉक्टरांवर खटला चालला तो सार्वजनिक आरोग्य धोक्यात आणल्याचा. २०१३ मध्ये त्यांना एक वर्षाची, प्रत्यक्ष तुरुंगात न जावे लागणारी शिक्षा झाली आणि न्यायाधीशांनी पिशव्या नष्ट करण्याचा आदेश दिला. २०१६ मध्ये वरच्या न्यायालयाने डॉक्टरांना निर्दोष सोडले, पण पिशव्या उत्तेजकविरोधी संस्थांकडे द्याव्यात असे सांगितले. तोवर दहा वर्षे उलटली होती आणि क्रीडा नियमांनुसार कारवाईची मुदतही सरली होती. त्या पिशव्यांवर फक्त सायकलपटूंचा हक्क होता असे मानण्याचेही कारण नाही. दुसऱ्या खेळांतले लोकही आपल्याकडे येत असत, हे खुद्द डॉक्टरांनीच सांगितले होते.

एक प्रकरण मात्र चिकाटीने तडीस गेले. २००८ ची टूर एका टप्प्यावर इटलीत शिरली, तेव्हा इटालियन अधिकाऱ्यांनी स्पेनचा सायकलपटू अलेहांद्रो व्हाल्व्हेर्दे याच्या रक्ताचा नमुना घेतला आणि त्यातील जनुकीय खुणा माद्रिदच्या एका पिशवीशी जुळवल्या. त्याला दोन वर्षांची बंदी झाली. बंदी संपवून तो परतला आणि २०१८ मध्ये विश्वविजेताही झाला.

प्रश्न : ब्रिटनच्या टीम स्कायने स्वच्छ खेळाचा एवढा गाजावाजा केला. त्यांच्याबाबत पाणी नेमके कुठे मुरत होते? (एक वाचक, नाशिक)

टीम स्काय २०१० मध्ये डेव्ह ब्रेल्सफोर्ड यांच्या नेतृत्वाखाली उतरला तो दोन घोषणांसह : पाच वर्षांत ब्रिटिश खेळाडूला टूर जिंकून द्यायची, आणि ती उत्तेजकांशिवाय. पहिली घोषणा ब्रॅडली विगिन्सने २०१२ मध्येच खरी करून दाखवली. दुसरीबद्दल काय सिद्ध झाले आणि काय झाले नाही, हे नीट वेगळे करून पाहावे लागते.

सप्टेंबर २०१६ मध्ये हॅकरांनी वाडाच्या संगणकातून चोरलेली कागदपत्रे उघड झाली. विगिन्सला २०११ व २०१२ ची टूर आणि २०१३ ची जिरो या तीन शर्यतींच्या तोंडावर ट्रायम्सिनोलोन या शक्तिशाली कॉर्टिकोस्टेरॉइडची इंजेक्शने घेण्याची वैद्यकीय सवलत मिळाली होती, असे त्यांतून दिसले. सवलत रीतसर होती, यूसीआयने दिलेली होती. कारण परागकणांची ॲलर्जी आणि दमा असे नोंदलेले होते. म्हणजे नियमभंग नाही. परंतु याच औषधाने वजन झपाट्याने उतरते आणि ताकद टिकून राहते, हे सायकलविश्वात जुनेच ज्ञान आहे, आणि तीन मोठ्या शर्यतींच्या आधी नेमकी तीच गरज पडावी हा योगायोग अनेकांच्या गळी उतरला नाही.

त्यातच एक पाकीट निघाले. २०११ च्या जूनमध्ये एक प्रशिक्षक मँचेस्टरहून एक पाकीट घेऊन फ्रान्समधील एका शर्यतीच्या अखेरीस संघाच्या डॉक्टरांकडे पोहोचला. आत काय होते? संघाने सांगितले, फ्लुइम्युसिल, म्हणजे कफ पातळ करणारे साधे औषध, जे फ्रान्समधल्या दुकानातही मिळते. नोंद? डॉ. रिचर्ड फ्रीमन यांच्या लॅपटॉपवर होती आणि तो लॅपटॉप २०१४ मध्ये ग्रीसमध्ये चोरीला गेला. ब्रिटनच्या उत्तेजकविरोधी संस्थेने तेरा-चौदा महिने चौकशी करून नोव्हेंबर २०१७ मध्ये कोणावरही आरोप न ठेवता ती बंद केली. मार्च २०१८ मध्ये संसदीय समितीने मात्र संघाने नैतिक रेषा ओलांडली, असा निष्कर्ष काढला. विगिन्स आणि संघ या दोघांनीही तो ठामपणे फेटाळला. पुढे २०२१ मध्ये वैद्यकीय न्यायाधिकरणाने असे ठरवले, की फ्रीमन यांनी २०११ मध्ये मँचेस्टरच्या सायकल केंद्रात मागवलेली टेस्टोस्टेरॉन जेलची पाकिटे एखाद्या खेळाडूसाठी आहेत हे त्यांना ठाऊक होते किंवा तसा त्यांचा समज होता. त्यांचे नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढण्यात आले. कोणता खेळाडू, हे कधीच स्पष्ट झाले नाही.

याच संघाने २०११ आणि २०१२ मध्ये डॉ. खेर्त लेंडर्स यांची सेवा घेतली होती. त्यांना २०१५ मध्ये आजन्म बंदी झाली ती आधीच्या राबोबँक संघातील कृत्यांसाठी, स्कायमधील नव्हे, हे न्यायाने सांगायलाच हवे. तरीही स्वच्छतेचा झेंडा घेऊन निघालेल्या संघाने नेमके असे डॉक्टर निवडावेत, हे खटकते.

माझे मत विचाराल तर विगिन्सविरुद्ध काही सिद्ध झालेले नाही आणि त्याला दोषी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण सायकलीच्या चाकाचे वजन ग्रॅममध्ये मोजणाऱ्या आणि खेळाडूंच्या उशा-गाद्याही हॉटेलोहॉटेली वाहून नेणाऱ्या संघाजवळ औषधांची एक धड नोंदवही असू नये, याचा जाब खेळाडूला नव्हे, संघालाच विचारायला हवा. तो जाब विचारणारी ठोस तरतूद तेव्हा नव्हती. नंतर नियम बदलले. ट्रॅमाडोल हे वेदनाशामक यूसीआयने २०१९ पासून शर्यतीदरम्यान बंद केले, आणि कॉर्टिकोस्टेरॉइडची सर्व प्रकारची इंजेक्शने २०२२ पासून शर्यतीच्या काळात निषिद्ध झाली.

प्रश्न : आज तादेय पोगाचार हा डोपिंगच्या काळातल्या खेळाडूंपेक्षाही वेगाने घाट चढतो. हाच पुरावा नाही का? (एक मराठी वाचक, लंडन)

हा प्रश्न सर्वाधिक पत्रांत होता, आणि तो मूर्खपणाचा मुळीच नाही. २०२४ च्या टूरमध्ये प्लातो द बेय या चढणीवर पोगाचारने १९९८ मधील पांतानीच्या वेळेपेक्षा सुमारे साडेतीन मिनिटे कमी घेतली. ज्याने ईपीओचा जमाना पाहिला आहे, त्याच्या भुवया हे ऐकून उंचावणारच.

तरीही घड्याळ पुरावा ठरत नाही, कारण दोन वेळांमध्ये केवळ रक्ताचा फरक नसतो. सायकल, कपडे आणि टायर यांतून वाया जाणारी शक्ती पंचवीस वर्षांत पुष्कळ कमी झाली. पूर्वी खेळाडू तासाला जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम कर्बोदके पचवत; आता शंभर ग्रॅमच्या पुढे जातात, त्यामुळे पाचव्या तासालाही त्यांची टाकी रिकामी नसते. वारा कोणत्या बाजूने होता, सोबत्यांनी चढणीच्या पायथ्यापासून किती वेग ठेवला, आधीचे दिवस किती कठीण होते, यांवरही मिनिटे वरखाली होतात. हे सारे धरून साडेतीन मिनिटांचा हिशेब पूर्ण लागतो का? काही अभ्यासक लागतो म्हणतात, काही मान हलवतात. वेळ पाहून कोणाची चाचणी अधिक वेळा करायची हे ठरवावे, शिक्षा ठरवू नये, एवढेच तिचे मोल आहे.

पोगाचार कोणत्याही चाचणीत दोषी आढळलेला नाही. संशयाला खतपाणी मिळते ते अधिक करून त्याच्या संघाच्या पूर्वेतिहासातून. यूएई संघाचे प्रमुख माउरो जानेत्ती हे २००८ मध्ये सोन्ये दुवाल संघाचे व्यवस्थापक होते. त्या वर्षीच्या टूरमध्ये त्यांचा खेळाडू रिकार्दो रिक्को नव्या पिढीच्या ईपीओसह पकडला गेला आणि संघ शर्यत सोडून गेला. जानेत्ती यांच्यावर स्वतः कधी कारवाई झाली नाही. मालक बदलतात, प्रायोजक बदलतात, जर्सीचा रंग बदलतो, पण संघांच्या गाड्यांत पुढच्या आसनावर बसणारी अनेक माणसे १९९० च्या दशकातलीच आहेत. प्रेक्षक विसरत नाहीत याचा दोष प्रेक्षकांना देता येणार नाही.

२०२४ च्या उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट समोर आली. यूएई आणि व्हिस्मा यांसह काही संघ खेळाडूंना थोडा कार्बन मोनॉक्साइड हुंगायला देऊन शरीरातील एकूण हिमोग्लोबिन मोजतात. उंचीवरच्या शिबिराचा उपयोग झाला की नाही हे तपासण्याची ही प्रयोगशाळेतली मान्य पद्धत आहे, आणि आम्ही तेवढ्यासाठीच ती वापरतो, असे संघांचे म्हणणे. अडचण अशी, की हाच वायू वारंवार हुंगला तर शरीर प्राणवायूची टंचाई समजून अधिक तांबड्या पेशी बनवू लागते. कोणी तसे केल्याचे सिद्ध झालेले नाही. यूसीआयने फेब्रुवारी २०२५ पासून वैद्यकीय केंद्राबाहेरचा असा वारंवार वापर बंद केला आणि वाडानेही पुढे निदानाव्यतिरिक्तचा वापर निषिद्ध यादीत घातला. नियम या वेळी निदान चार पावलेच मागे होता, दहा वर्षे नव्हे.

प्रश्न : सायकलीत लपवलेल्या मोटरच्या गोष्टी खऱ्या असतात का? (एक वाचक, पणजी)

एक खरी ठरली. जानेवारी २०१६ मध्ये बेल्जियममधील झोल्डर येथे सायक्लोक्रॉसच्या, म्हणजे चिखल-माळरानावरच्या सायकल शर्यतीच्या, जागतिक स्पर्धेत फेम्के व्हान डेन ड्रीश हिच्यासाठी ठेवलेल्या सायकलीच्या नळीत मोटर सापडली. सायकल आपली नाही असे तिचे म्हणणे होते, पण तिला सहा वर्षांची बंदी झाली. पुरुषांच्या मोठ्या रस्ता शर्यतींत असे काही अद्याप सिद्ध झालेले नाही. चुंबकीय उपकरणांनी आणि क्ष-किरणांनी सायकली आता नियमित तपासल्या जातात.

प्रश्न : माझा मुलगा रस्ता शर्यतींची तयारी करतो. पुण्यात आता यूसीआयची आंतरराष्ट्रीय शर्यत होऊ लागली आहे, त्यामुळे त्यालाही कधीतरी चाचणी द्यावी लागेल. आम्ही काय काळजी घ्यावी? (एक पालक, सातारा)

सर्वप्रथम हे ध्यानात घ्यावे, की या नियमांत ‘मला माहीत नव्हते’ हा बचाव फार दूरवर जात नाही. शरीरात सापडले त्याची जबाबदारी खेळाडूची, मग ते कसेही आलेले असो. स्पेनच्या आल्बेर्तो कोंतादोरच्या २०१० च्या नमुन्यात क्लेनब्युटेरॉल या निषिद्ध द्रव्याचा अत्यल्प अंश सापडला. त्याने आपण खाल्लेल्या मांसाला दोष दिला. क्रीडा लवादाला भेसळयुक्त पूरक आहाराची शक्यता अधिक वाटली. मुद्दाम घेतल्याचे सिद्ध न होताही त्याची त्या वर्षीची टूर आणि पुढच्या वर्षीची जिरो ही दोन्ही विजेतेपदे गेली.

म्हणून जिममध्ये किंवा दुकानात कोणी हातात ठेवलेली पावडर, ‘ताकदीची’ म्हणून दिलेली गोळी किंवा घटक न लिहिलेले चूर्ण घेऊ नये. आयुर्वेदिक म्हणून विकले जाते एवढ्यावर त्याला निर्धोक समजू नये. सर्दी, दमा किंवा दुखापतीसाठी डॉक्टरांकडे गेल्यास मुलगा स्पर्धात्मक खेळाडू आहे हे आधी सांगावे, औषधाचे मूळ नाव चिठ्ठीवर लिहून घ्यावे आणि वाडाची निषिद्ध यादी दरवर्षी १ जानेवारीला बदलते हे लक्षात ठेवून ते नाव चालू वर्षाच्या यादीत पाहावे. औषध निषिद्ध असूनही आवश्यक असेल, तर वैद्यकीय सवलतीचा अर्ज नाडाकडे, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे, औषध सुरू करण्यापूर्वी करावा. चिठ्ठ्या, पावत्या आणि पूरक आहाराच्या रिकाम्या डब्यांवरचे बॅच क्रमांक एका वहीत जपावेत. प्रशिक्षकाने एखादे इंजेक्शन सुचवले आणि ते कशाचे, हे लिहून द्यायला तो तयार नसेल, तर प्रशिक्षक बदलावा.